शिट्टी थांबली, पण षड्जही गेला

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर चार ओळींची एक बातमी होती. आपल्या भागातल्या एका नाट्यगृहाचं नूतनीकरण होतंय, तिथे ‘माईकची शिट्टी आपोआप बंद करणारं डिजिटल यंत्र’ बसणार आहे आणि ते बसल्यावर साउंडसाठी वेगळा माणूस ठेवायची गरज उरणार नाही. ही बातमी मी तीनदा वाचली. चौतीस वर्षं मी मिरजेत साउंडचं काम करतो. भजनी सप्ताह, कीर्तनं, संगीत नाटकं, शाळांची स्नेहसंमेलनं, उरुसातलं गाणं, सगळीकडे माझ्या केबली पसरल्या आहेत. असलं यंत्र माझ्या स्वतःच्या रॅकमध्येही पंधरा वर्षांपासून आहे आणि ते मला आवडतं. म्हणूनच बातमीतल्या दुसऱ्या वाक्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मागच्या हिवाळ्यात एका सभागृहात शास्त्रीय गायनाची बैठक होती. सभागृहाचं नाव लिहीत नाही. तिथे बाहेरची ध्वनिव्यवस्था चालत नाही, सभागृहाचीच वापरावी लागते. आयोजकांनी मला फक्त माईक लावायला आणि मिक्सरवर बसायला बोलावलं होतं. यंत्रांचा रॅक काचेच्या कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते संध्याकाळी सहालाच घरी गेलेले. ‘आत सगळं ऑटोमॅटिक आहे, काही बघावं लागत नाही,’ असं मला सांगण्यात आलं.

गायिका काळी चारमध्ये गाणाऱ्या, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा त्यांचा षड्ज. मागे दोन तानपुरे, डावीकडे हार्मोनियम, उजवीकडे तबला. यमन सुरू झाला. विलंबितात पहिली दहा मिनिटं सुंदर गेली. अंतऱ्यात ताई तार षड्जावर गेल्या आणि तिथे थांबल्या. दोन-तीन सेकंद सूर सभागृहभर पसरला आणि मग कोणी समोर जाड चादर धरावी तसा मंदावला. त्या खाली उतरल्या की आवाज पुन्हा पूर्वीसारखा. दुसऱ्यांदा गेल्या, तेव्हा षड्ज आणखी बारीक. मी फेडर बघतो, गेन बघतो, केबल हलवून बघतो, कुठेच काही नाही. ताईंनी हाताने खूण केली, आवाज वाढवा. मी वाढवला, तर निषाद, रिषभ, गंधार सगळे वाढले आणि षड्ज तिथेच. मग त्या जोर लावायला लागल्या. द्रुतात तर तार सप्तकाकडे जायचंच त्यांनी टाळलं. बैठक तासाभरात आटोपली. टाळ्या झाल्या. तानपुरे गवसणीत जात असताना त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, ‘दादा, आज तार षड्ज लागतच नव्हता हो. गळ्याला काय झालंय कळत नाही. तुम्हाला उगाच त्रास दिला.’

त्यांचा षड्ज लागला होता. मी तिथेच बसून ऐकला होता तो, स्पीकरमधून नव्हे, समोरून.

रात्री अकराला किल्ली आली. कपाट उघडून यंत्राच्या पडद्यावर बघितलं. एकेका कंपनसंख्येचा आवाज खाली आणणाऱ्या बारा फिल्टरपैकी सात लागलेले होते. आकडे हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती कंपनं त्याचे, असे: ३११, ४१५, ५१९ आणि त्यांच्या वरचे काही. हार्मोनियमवाले काका अजून पेटी बांधत होते. त्यांना म्हटलं, काळी चारचा पंचम दाबा. तो ३११. तार षड्ज दाबा. तो ४१५. तार गंधार ५१९ च्या आसपास. ताई ज्या ज्या सुरावर थांबल्या होत्या, त्या त्या सुरावर यंत्राने एकेक खड्डा पाडून ठेवला होता. षड्जावरचा सर्वांत खोल, कारण षड्जावर त्या सर्वांत जास्त वेळा थांबल्या होत्या.

यंत्राने असं का केलं, हे थोडं उलगडून सांगतो, कारण बातमी वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती शिट्टी कुठून येते हेच कधी कुणी सांगितलेलं नसतं.

माईकमध्ये आवाज जातो, अँप्लिफायर तो मोठा करतो, स्पीकर बाहेर टाकतो. त्यातला थोडा आवाज भिंतींवरून, छतावरून किंवा सरळ स्पीकरमधून पुन्हा माईकमध्ये शिरतो. तो पुन्हा मोठा होतो, पुन्हा बाहेर येतो. प्रत्येक फेरीत तो आधीच्यापेक्षा लहान होऊन परतला तर काही बिघडत नाही. पण एखाद्या कंपनसंख्येवर तो तेवढाच किंवा मोठा होऊन, नेमका आधीच्या लाटेशी जुळून परतला, तर ती एकच कंपनसंख्या फुगत जाते आणि ‘कुईंऽऽ’ सुरू होतं. फ्रेंच लोक या शिट्टीला आजही ‘लार्सन’च म्हणतात, सोरेन लार्सन या डॅनिश भौतिकशास्त्रज्ञाच्या नावावरून. प्रत्येक खोलीच्या, प्रत्येक स्पीकरच्या, माईकच्या प्रत्येक जागेच्या काही ठरावीक कंपनसंख्या अशा फुगायला टपलेल्या असतात. त्यांतली जी सर्वांत पुढे, ती आधी शिट्टी मारते.

यंत्र सतत ऐकत असतं आणि एकच गोष्ट शोधतं: एक कंपनसंख्या एकटीच वर आली आहे का, आणि बराच वेळ न हलता टिकून आहे का. तसं दिसलं की तेवढ्याच जागी बारीक खाच पाडतं. आधी तीन डेसिबलची (डेसिबल म्हणजे आवाजाची पातळी मोजायचं माप), पुन्हा तिथेच दिसलं तर आणखी तीनची, अशी पायरीपायरीने. माणसाच्या बोलण्यात एकही सूर स्थिर राहत नाही, म्हणून भाषणाला हे फार छान चालतं. पण एका सुरावर स्थिर राहणं हीच आपल्या गाण्याची साधना आहे. ज्या गुणासाठी गायक आयुष्यभर पहाटे उठून खर्ज लावतो, नेमका तोच गुण यंत्राला शिट्टीची खूण वाटतो. चांगली यंत्रं त्या सुराचे वरचे स्वरांशही, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणारे बारीक उंच सूरही, तपासतात, कारण शिट्टीत ते जवळजवळ नसतात आणि गळ्यात भरपूर असतात. पण उकारात किंवा ओकारात धरलेला उंच सूर बासरीसारखा शुद्ध होतो, त्यात वरचे स्वरांश फार कमी उरतात. तिथे यंत्र फसतं. बासरीवर फसतं, आणि मागे तानपुरे त्याच षड्जाला सतत आधार देत असतील तर आणखी सहज फसतं.

म्हणून ही यंत्रं वाईट, असा अर्थ कुणी काढू नये. ती नव्हती तेव्हा आम्ही काय करत होतो ते मला चांगलं आठवतं. एकतीस पट्ट्यांचा इक्वलायझर असायचा. ४०० च्या आसपास शिट्टी आली की ४०० ची पट्टी खाली ओढायची. पण ती एक पट्टी साधारण ३५५ ते ४५० पर्यंतचं सगळं खाली आणते. काळी चारच्या गायिकेसाठी याचा अर्थ कोमल निषाद, शुद्ध निषाद, तार षड्ज आणि वरचा कोमल रिषभ हे चारही सूर एका बोटाने दाबले. तीन-चार पट्ट्या ओढल्या की गायिका डब्यात बसून गातेय असं वाटायचं. डिजिटल यंत्राची खाच सप्तकाच्या दहाव्या भागाएवढी असते, ४१५ जवळ साधारण तीस हर्ट्झ रुंद, म्हणजे अर्ध्या स्वरापेक्षा किंचित जास्त. ती योग्य जागी पाडली तर श्रोत्याला पत्ताही लागत नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये सी. पी. बोनर नावाचे भौतिकशास्त्रज्ञ १९६० च्या दशकात हेच काम एकेका सभागृहासाठी वेगळे, हाताने जुळवलेले फिल्टर लावून करत. आज ते रॅकच्या एका खणात मावणाऱ्या पेटीत आलंय. माझ्यासारख्या माणसाला याचं अप्रूप आहे.

त्याच काळातला दुसरा उपाय मी एकदा करून बघितला. मॅनफ्रेड श्रोडर या शास्त्रज्ञाने १९६४ साली दाखवून दिलं होतं की स्पीकरमधून जाणारा आवाज मूळ आवाजापेक्षा पाचेक हर्ट्झ सरकवला, तर फेरी मारून परत येणारी लाट त्याच जागी जुळत नाही आणि शिट्टीपूर्वी आवाज बराच वाढवता येतो. भाषणाला हा उपाय उत्तम. माझ्या यंत्रात तशी सोय होती, आणि मी ती एका भजनाच्या कार्यक्रमात चालू ठेवली. तानपुरा २०८ वर आणि स्पीकरमधला तानपुरा २१३ वर, दोन्ही एकाच वेळी कानात. सेकंदाला पाच हेलकावे. पहिल्या रांगेत आमच्या सतारमेकर गल्लीतले एक वयोवृद्ध कारागीर बसले होते. मध्यंतरात ते उठून रंगमंचावर आले आणि तानपुऱ्याच्या भोपळ्यावर हात ठेवून म्हणाले, ‘हा मी बनवलाय. हा असा वाजत नाही.’ ज्यांच्या हाताची वाद्यं देशभर जातात, त्यांच्यासमोर मी त्यांचा तानपुरा बेसूर केला होता. त्या दिवसापासून गाण्याच्या कार्यक्रमात मी ती सोय कधी चालू केलेली नाही.

तर यंत्राला काय काम द्यायचं हे माणसाने ठरवावं लागतं, आणि ते आधी ठरवावं लागतं. रिकाम्या सभागृहात, कार्यक्रमाच्या किमान तासभर आधी, सगळे माईक जिथे वापरणार तिथे ठेवून मी एकेक माईक हळूहळू वर नेतो. पहिली शिट्टी यायला लागली की तिथे एक बारीक खाच. पुन्हा वर, दुसरी खाच. चार-पाच झाल्या आणि मग दोन-तीन शिट्ट्या एकदमच यायला लागल्या की थांबायचं. यापुढे खाचा पाडून काही मिळत नाही, आवाज मात्र बिघडतो. मग सगळं सहा डेसिबल खाली आणून ठेवायचं. या खाचा कायमच्या, म्हणजे यंत्राच्या भाषेत ‘फिक्स्ड’. त्या खोलीच्या आहेत, गायकाच्या नाहीत. त्यानंतर, गाणं असेल तर, यंत्राचं आपोआप शोधणं बंद. भाषणं असतील तर दोन-तीन फिल्टर मोकळे ठेवायचे, कारण सभागृह भरलं, आत उकाडा वाढला की आवाजाचा वेगही बदलतो (वीस अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, बत्तीसला ३५०) आणि शिट्टीच्या जागा थोड्या सरकतात. त्या रात्री त्या सभागृहात नेमकं उलटं होतं. कायमच्या खाचा एकही नाही, सगळे बारा फिल्टर गाण्यावर मोकाट सोडलेले.

खरं म्हणजे शिट्टीचा मोठा भाग यंत्राच्या आधीच संपवता येतो. आमचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, अहुजाचा एक अँप्लिफायर आणि दोन भोंगे सायकलला बांधून गावोगाव सप्ताहाला जायचे. देवळात पोचल्यावर पहिलं काम म्हणजे खडूने जमिनीवर एक रेघ. बुवांनी रेघेच्या मागे उभं राहायचं, भोंगे रेघेच्या बऱ्याच पुढे. भोंग्याचं तोंड माईकला कधी दिसता कामा नये, एवढाच त्यांचा नियम होता. चौथी शिकलेल्या माणसाचा. आजच्या कितीतरी सभागृहांत स्पीकर रंगमंचाच्या मागच्या पडद्याला लावलेले दिसतात, थेट माईकच्या तोंडासमोर, आणि मग शिट्टी येते म्हणून यंत्र विकत घेतलं जातं.

तोंडापासून माईकचं अंतर ही दुसरी गोष्ट. अंतर दुप्पट झालं की माईकला मिळणारा आवाज सहा डेसिबलने उतरतो. हातातला माईक तोंडापासून पाच सेंटीमीटरवर असतो, कीर्तनकारांच्या उपरण्याला लावलेला कॉलर माईक वीस सेंटीमीटरवर. म्हणजे बारा डेसिबलचा तोटा तिथेच, शिवाय तो माईक बहुधा चारही बाजूंनी सारखंच ऐकणारा. तो तोटा भरून काढायला गेन वाढवला की शिट्टी. बुवांचं बरोबर आहे, त्यांना हात मोकळे हवेत. मग गालाशी येणारा हेडसेट माईक द्या. तो त्यांना आवडतो, मी कित्येकांना लावलाय.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक समारंभात बघतो. शिट्टी आली की पाहुणे घाबरून माईकच्या जाळीवर तळवा ठेवतात. आपल्या रंगमंचावरचे बहुतेक माईक समोरून ऐकतात आणि मागच्या बाजूने आलेला आवाज कमी घेतात. हा गुण जाळीच्या मागच्या फटींतून येतो. तळव्याने त्या फटी बंद केल्या की माईक सगळीकडून ऐकायला लागतो आणि शिट्टी दुप्पट होते. हात काढा, माईक तोंडाजवळ आणा, एवढं सूत्रसंचालकांनी पाहुण्यांना हळूच सांगितलं तरी पुष्कळ काम होईल. गायकांसमोरचा मॉनिटरही, म्हणजे त्यांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून ठेवलेला स्पीकर, माईकच्या पाठीकडच्या बहिऱ्या जागेत ठेवावा लागतो. ही जागा प्रत्येक माईकची वेगळी. काहींची सरळ मागे, काहींची मागच्या दोन कोपऱ्यांकडे. रंगमंच झाडताना कुणी मॉनिटर दीड फूट सरकवला तरी सकाळचा सगळा हिशेब बदलतो.

व्यासपीठावर सहा-सहा माईक एकाच वेळी उघडे ठेवायची पद्धतही यातच येते. उघड्या माईकची संख्या दुप्पट केली की शिट्टीपूर्वीचा वाव तीन डेसिबलने घटतो. एकाचे आठ केले तर नऊ डेसिबल गेले. इथे खाचा पाडणारं यंत्र चुकीचं औषध आहे. जो बोलतोय त्याचा माईक वर आणि बाकीचे त्याच प्रमाणात खाली, असं करणारा ऑटोमिक्सर हवा. अमेरिकेतल्या डॅन ड्यूगन यांनी १९७० च्या दशकात ती युक्ती काढली आणि आता कितीतरी डिजिटल मिक्सरांत ती असते. नाट्यगृहाला पैसे खर्चच करायचे असतील आणि तिथे वर्षाचे निम्मे कार्यक्रम सत्कारांचे होणार असतील, तर हे आधी घ्यावं.

नूतनीकरण करणाऱ्यांकडे माझी मागणी फार मोठी नाही. यंत्र जरूर बसवा. पण निविदेत फक्त यंत्राचं मॉडेल लिहून थांबू नका. ते त्या सभागृहासाठी जुळवून देण्याचं कामही लिहा, रिकाम्या सभागृहात एक संपूर्ण दिवस, दरवाजे बंद, पंखे चालू. ‘भाषण’, ‘गायन’ आणि ‘नाटक’ अशा तीन वेगळ्या मांडण्या यंत्रात साठवून ठेवा आणि ‘गायन’च्या मांडणीत आपोआप शोधणं बंद असू द्या. ध्वनिव्यवस्थेच्या जागेवर एक माणूस ठेवा, ज्याला गाणं कळतं असा. त्याच्या हातात कपाटाची किल्ली द्या. आणि भाडेपावतीवर कार्यक्रमाच्या वेळेआधीचा एक तास आवाजाच्या तपासणीसाठी राखीव, असं छापा. आज तो तास फुलांच्या सजावटीत आणि बॅनर बांधण्यात जातो. सनई लावून ठेवलेली असते, हातोडे चालू असतात, आणि आम्हाला सांगतात, ‘जरा हॅलो हॅलो करून घ्या.’

त्या गायिकांना मी दुसऱ्या दिवशी फोन केला होता. म्हटलं, ताई, तुमच्या गळ्याला काही झालेलं नाही, आकडे माझ्याकडे लिहून आहेत. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की रात्रभर झोप लागली नव्हती, सकाळी रियाजालाही बसल्या नाहीत.

बातमीतल्या नाट्यगृहाचं काम पावसाळ्याआधी संपणार आहे असं त्यात लिहिलं होतं. यंत्र बसलं की ते जुळवायला मी एक दिवस विनामोबदला द्यायला तयार आहे. गल्लीतून काळी चारला लावलेला एक तानपुरा बरोबर घेऊन येईन. आपण हे पत्र छापल्यास माझा पत्ता आपल्या कार्यालयात आहेच.

आपला,
एक साउंडवाला, मिरज